खाली गाळे, वर बिऱ्हाडं: फायर ऑडिट कुणी करायचं आणि नेमकं काय बघायचं?

माजघर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात भाड्याने राहते. पेठेतली जुनी इमारत आहे. तळाला सहा गाळे: साडीचं दुकान, मोबाइल दुरुस्ती, वडापाव-मिसळवाला, एक कुरिअर, आणि दोन गाळे नुसते माल भरून बंद. पहिल्या मजल्यावर क्लास आणि दातांचा दवाखाना. त्याच्या वर चार बिऱ्हाडं, त्यातलं एक आमचं. जिना एकच. जिन्याखाली सगळ्यांचे मीटर, मीटरसमोर दुचाक्या, त्यातल्या दोन इलेक्ट्रिक. त्या रात्री तिथेच चार्जिंगला लागतात.

नगरपालिकेची नोटीस आली आहे: अग्निसुरक्षेची पूर्तता करून प्रमाणपत्र सादर करा. मालक पुण्याला असतात. ते म्हणतात, धंदा तुम्ही करता, ऑडिट तुम्ही करा. गाळेवाले म्हणतात, इमारत तुमची, तुम्ही करा. आम्ही वरचे रहिवासी तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. एका एजन्सीला फोन केला तर माणूस म्हणाला, यायची गरज नाही, चार फोटो पाठवा, दोन दिवसांत फॉर्म बी देतो. हे बरोबर वाटत नाही. म्हणून विचारते: कायद्याने जबाबदारी कुणाची? आणि खरंच तपासायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

गाळा_नंबर_४

आमच्याकडेही हीच नोटीस. आग विझवायचे दोन लाल सिलिंडर लावा, पावती दाखवा, विषय संपला. उगाच घोळ घालू नका.

वकीलबाई

विषय तेवढ्यावर संपत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नावाचा कायदा आहे. त्यात जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा. त्यामुळे "मी फक्त भाडेकरू" असं म्हणून सुटका नाही आणि "मी पुण्यात राहतो" असं म्हणूनही नाही. यंत्रणा बसवल्यावर लायसन्सधारक एजन्सी देते तो फॉर्म ए. पुढे ती यंत्रणा चालू स्थितीत आहे हे सांगणारा फॉर्म बी, तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. एजन्सीला महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं लायसन्स लागतं. त्याचा नंबर आणि मुदत मागून घ्या, लाजू नका. नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर वीज-पाणी तोडण्यापासून जागा सील करण्यापर्यंत अधिकार आहेत, आणि खटला झाला तर कैदेची तरतूद आहे.

फोटोवर प्रमाणपत्र देणाऱ्याला हात जोडा. उद्या काही झालं तर तो कागद तुमच्या बाजूने नाही, तुमच्या विरुद्ध वाचला जाईल.

निवृत्त_बंबवाला

माजघरताई, अग्निशमन दलात नोकरी झाली, म्हणून जरा लांबलचक लिहितो. कायद्याचं वकीलबाईंनी सांगितलंच आहे.

फॉर्म बी यंत्रणेबद्दल बोलतो. आग विझवायचा सिलिंडर भरलेला आहे का, पंप चालतो का, होज म्हणजे पाण्याची नळी आहे का. तुमच्या इमारतीत माणसं मरतील ती यंत्रणा नव्हती म्हणून नव्हे, जिना धुराने भरला म्हणून. गेल्या काही वर्षांतल्या आपल्या राज्यातल्या आगी आठवा. 30 ऑगस्ट 2023, पिंपरी-चिंचवडमधलं चिखली: हार्डवेअरच्या दुकानात पोटमाळ्यावर झोपलेलं अख्खं कुटुंब, आईवडील आणि दोन मुलं, गेलं. 3 एप्रिल 2024, छत्रपती संभाजीनगरचा छावणी भाग: खाली कपडे शिवायचं दुकान, वर राहणारी सात माणसं गेली. तिथे ज्वाळा वरपर्यंत पोचल्याच नव्हत्या, धुराने गुदमरून गेली. 6 ऑक्टोबर 2024, चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी: खाली दुकान, वर घर, पुन्हा सात. तिन्ही वेळा पहाट. तिन्ही वेळा खाली धंदा, वर झोपलेली माणसं. त्याआधी मे 2019 मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानात झोपलेले पाच कामगार गेले, दार बाहेरून बंद होतं.

म्हणून तपासणी दिवसा अकराला, साहेब चहा पिऊन येतात तेव्हा करायची नसते. रात्री दहा-साडेदहाला, सगळी शटरं पडल्यावर करा. तेव्हा एकच प्रश्न: आत्ता खाली पेटलं, तर या इमारतीत कोण कुठे झोपलंय आणि कुठून बाहेर येणार?

गाळ्यांपासून सुरुवात करा. रात्री कुणी आत झोपतं का? "नाही" असं उत्तर येईल. गादी दिसते का बघा. मिसळवाल्याकडे हमखास एखादा पोऱ्या झोपत असतो. शटर आतून उघडतं का, की बाहेरून कुलूप लावून मालक घरी जातो? शटरमध्ये दिंडी दरवाजा आहे का? मोटरचं शटर असेल तर लाइट गेल्यावर ते हाताने उचलता येतं का? आग लागली की लाइट जाणारच.

मग मिसळवाला. व्यापारी सिलिंडर 19 किलोचा, एकाला एक जोडून किती आहेत? गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, त्यामुळे तळघरात किंवा मोरीच्या खड्ड्याशेजारी सिलिंडर नको. सिलिंडर उभाच हवा. रबराची नळी भेगाळली आहे का हाताने वाकवून बघा. कढईवर एग्झॉस्ट असेल तर त्याच्या पाइपात तेलाचा थर किती, ते बॅटरी मारून बघा. तो थर पेटला की आग पाइपातून धावत वर जाते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मारायचं नाही. गॅस बंद, कढईवर झाकण. हे त्या पोऱ्याला माहीत आहे का, हे त्याला विचारून बघायचं, मालकाला नव्हे.

आता जिना. तुम्ही वर्णन केलंय ते वाचून मला त्या दोन गाड्यांची धास्ती वाटली. इमारतीचा एकमेव जिना, त्याच्या तोंडाशी मीटर आणि त्याच्यासमोर बॅटरी चार्जिंग. यातलं काहीही पेटलं की जिना पहिल्या दोन-तीन मिनिटांत चिमणीसारखा ओढायला लागतो. साडीच्या दुकानाची पार्सलं जिन्यात ठेवलेली असतातच, तुम्ही लिहिलं नाही तरी मला दिसतात. नोटीस बाजूला ठेवा, आधी गाड्या बाहेर काढा. याला पैसे लागत नाहीत.

माजघर

पार्सलं आहेतच. पहिल्या मजल्याच्या वळणावर. तुम्ही बघून गेलात की काय!

काका, एक शंका. गच्चीच्या दाराला कुलूप असतं, किल्ली मालकाच्या पुतण्याकडे. आग लागली तर आम्ही वर पळायचं की खाली?

निवृत्त_बंबवाला

जिन्यात धूर नसेल तर खाली, नेहमी खाली. जिन्यात धूर असेल तर खालीही नाही आणि वरही नाही. लोक गच्ची म्हणून धावतात, पण धूरही तिकडेच चाललेला असतो आणि तो माणसापेक्षा वेगाने जातो. मग घरातच थांबायचं. दार बंद, दाराखालच्या फटीत ओलं कापड, रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून 101 नाहीतर 112 लावायचा आणि हाका मारायच्या. लाकडी का होईना, धड बंद होणारं दार बराच धूर अडवतं. तुमच्या दाराच्या वरची जाळीची झडप मात्र आधी बंद करून घ्या. जुन्या इमारतीत ती असतेच.

गच्चीचं दार तरीही आतून उघडणारं हवं, कडी चालेल, कुलूप नको. एक म्हणजे धूर नसताना शेजारच्या गच्चीवर जाता येतं. दुसरं म्हणजे वरचं दार उघडलं तर जिन्यातला धूर बाहेर पडायला वाट मिळते. आमचे लोक आल्यावर बऱ्याचदा पहिल्यांदा तेच करतात.

खिडकीच्या ग्रिलचं काय? पेठेत चोरांच्या भीतीने सगळं जाळीबंद. निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग करून घ्या. किल्ली खिळ्याला, पोरांनाही माहीत असेल अशी.

वाडेमालक

सगळे मालकाला झोडताय, म्हणून दुसरी बाजू. माझीही अशीच इमारत आहे, दुसऱ्या गावात. दोन गाळे माझ्या आजोबांच्या वेळचे, भाडं आजही शंभर-दीडशे रुपये. त्यातला एक भाडेकरू गाळ्यात महिन्याला लाखाचा धंदा करतो. घरपट्टी भरून हातात काय उरतं विचारू नका. आता मी त्याच्या सुरक्षेसाठी नवं वायरिंग करू, पाण्याची टाकी बांधू, पंप बसवू? कोणत्या पैशातून? आणि आत माणूस झोपवतो तो, माल छतापर्यंत भरतो तो.

गाळा_नंबर_४

मग गाळा विका मला, मी करतो सगळं वायरिंग.

वाडेमालक

या, भाव बोला. शंभर रुपये चौरस फूट द्याल बहुतेक.

वकीलबाई

भांडू नका. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

जुना भाडेकरू आणि लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावरचा, यांत फरक आहे, तो आधी लक्षात घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14: जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक. मालकाने केलं नाही तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता शंभर रुपये महिना भाडं असेल तर वर्षाचे तीनशे रुपये वळते होतील. वाडेमालक, तुमचा मुद्दा इथे कबूल. त्या तीनशे रुपयांत साधी एमसीबीची (जास्त करंट आला की वीज तोडणाऱ्या स्विचची) पेटीही येत नाही. जुन्या भाड्याच्या इमारती जळत्या का राहतात, त्याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे.

माजघर, तुम्ही अकरा महिन्यांच्या करारावर असणार. कराराच्या नूतनीकरणाला अजून वेळ असेल तर त्यात चार ओळी घालून घ्या: सामाईक जागेचं वायरिंग, मीटरपेटी, जिन्यातले दिवे, जिन्यातला अलार्म मालकाकडे, गाळ्याच्या किंवा घराच्या आतलं वायरिंग बदललं तर वापरणाऱ्याकडे, जिन्यात सामान ठेवायचं नाही, रात्री गाळ्यात कुणी झोपायचं नाही. एरवी हे करार छापील नमुन्यात असतात आणि त्यात आगीचा शब्दही नसतो.

शिवाय विमा. मालकाची पॉलिसी इमारतीची असते. तुमचा टीव्ही, कपाट, दुकानातला माल त्यात येत नाही. घरांसाठी भारत गृह रक्षा आणि लहान धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहेत. भाडेकरूही आपल्या सामानापुरता विमा घेऊ शकतो. प्रीमियम ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, इतका कमी असतो.

लेस्टरकर

मी इंग्लंडात लेस्टरला आहे, दुकानाच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहते, म्हणून रस वाटला. इथे 2005 च्या फायर सेफ्टी ऑर्डरखाली "जबाबदार व्यक्ती" ठरवलेली असते आणि तिने धोक्याचं मूल्यांकन करून घ्यायचं असतं. ऑक्टोबर 2023 पासून ते पूर्णपणे लेखी ठेवणं प्रत्येकाला बंधनकारक झालं, दुकान कितीही लहान असो. मूल्यांकन म्हणजे उपकरणांची यादी नव्हे. पेटू शकेल असं काय आहे, कोणाला धोका आहे (म्हातारं माणूस, तान्हं मूल, झोपलेला कामगार), काय कमी करता येईल, हे लिहायचं, आणि वापर बदलला की पुन्हा करायचं. काकांनी रात्री दहाला फिरा म्हटलं, ते म्हणजे हेच.

भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म लावणं घरमालकावर आहे, आणि वायरिंगची तपासणी दर पाच वर्षांनी. आमच्या इमारतीत एक गोष्ट मला फार आवडली: खालच्या दुकानातला डिटेक्टर वाजला की वरच्या घरातही अलार्म वाजतो, दोन्ही जोडलेले आहेत.

गाळा_नंबर_४

आलं का इंग्लंड! तिथे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेली ना 2017 ला?

लेस्टरकर

गेली. तिथेही मूल्यांकनाचे कागद होतेच. मूल्यांकन करणाऱ्याला इथे लायसन्स लागत नाही, त्यावर अजून वाद चालू आहे. मी स्वर्गात राहते असं म्हणत नाहीये, फक्त त्या जोडलेल्या अलार्मचं सांगत होते.

तारमास्तर

इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर आहे, माझ्या कामाचं तेवढं सांगतो.

जोडलेला अलार्म आपल्याकडेही होतो. वायरलेस डिटेक्टर मिळतात, एक वाजला की सगळे वाजतात, भिंत फोडायला नको. माजघरताईंच्या इमारतीत प्रत्येक गाळ्यात एक, जिन्याच्या वरच्या टोकाला छतावर एक, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या पॅसेजमध्ये एक. मिसळवाल्याकडे धुराचा लावू नका, फोडणी दिली की वाजेल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी बॅटरी काढून ठेवेल. तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर घ्या.

आता शॉर्ट सर्किट. प्रत्येक आगीनंतर पेपरात तेच येतं. बहुतेक वेळा मला सापडतं ते सैल कनेक्शन. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, त्यावर दीड टनाचा एसी, जोड तापतो, आवरण वितळतं. एमसीबीला हे कळत नाही, कारण करंट जास्त नसतोच. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी माणसाला शॉक बसला तर वाचवतो, सैल जोडाची उष्णता त्यालाही कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा लाइट बंद करून प्रत्येक स्क्रू आवळणं, मीटरपेटीपासून बोर्डापर्यंत, याला पर्याय नाही. मीटरपेटी लाकडाची असेल तर ती आधी बदला. वायर नवीन टाकणार असाल तर एफआरएलएस घ्या, ती जळताना धूर कमी करते. आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडच्या फुगलेल्या बॅटऱ्या कुठे ठेवतो ते विचारा. ड्रॉवरमध्ये ठेवत असेल तर पत्र्याच्या डब्यात, दुकानाबाहेर.

स्कूटरची बॅटरी काढता येत असेल तर घरात नेऊन दारात चार्ज करू नका. दारातच पेटली तर तुम्ही आत कोंडले जाल. जिन्यात नको, दारात नको, उघड्यावर छपराखाली स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. कंपनीचाच चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही.

निवृत्त_बंबवाला

तारमास्तरांना माझे शंभर टक्के.

आग विझवायच्या सिलिंडरचं राहिलं. एबीसी पावडर, आयएसआय मार्क, आयएस 15683 हा मानक क्रमांक. काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील जागेवर. दर तीन वर्षांनी प्रेशर टेस्ट, त्याची तारीख डब्यावर लिहिलेली असते, नसेल तर घेऊ नका. मीटरजवळ कार्बन डायऑक्साइडचा ठेवा. आणि कुणीतरी एकदा चालवून बघा हो. भिंतीवर शोभेला लटकवलेले डबे हजारदा पाहिलेत. पिन ओढायची असते हे ऐन वेळी आठवत नाही. अग्निशमन दलाला पत्र दिलं तर ते येऊन दाखवतात, फुकट.

क्लासबद्दल कुणीच काही बोललं नाही. मे 2019 मध्ये सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये 22 मुलं गेली, वरच्या मजल्यावर क्लास आणि खाली उतरायचा जिनाच जळालेला. संध्याकाळी सहाला तुमच्या पहिल्या मजल्यावर किती मुलं असतात आणि त्यांच्या चपला कुठे असतात? जिन्यात असतील.

माजघर

चपला जिन्यातच असतात.

रविवारी दवाखान्यात सगळ्यांची बैठक घेतली. मालक व्हिडिओ कॉलवर होते. सांगते काय काय ठरलं. गाड्या त्याच रात्रीपासून मागच्या बोळात. गच्चीचं कुलूप काढलं, आता नुसती कडी. क्लासवाल्या सरांनी चपलांचा रॅक आत घेतला. मिसळवाल्याकडे खरंच दोन मुलं झोपत होती, बिहारची. त्यांची सोय मालकाच्या पुतण्याने मागच्या खोलीत केली, तिला बोळाकडे दार आहे. वायरलेस अलार्मचा खर्च गाळे आणि बिऱ्हाडं मिळून वाटून घेणार. मीटरपेटी आणि सामाईक वायरिंग मालकांनी कबूल केलं, पण "दिवाळीनंतर". मी तिथेच म्हटलं, दिवाळीच्या आधी. फटाके दिवाळीनंतर फुटत नाहीत. एजन्सी नवीन शोधली, लायसन्स पाहून. त्यांचा माणूस जागेवर आला, दोन तास फिरला आणि नऊ मुद्दे लिहून दिले. ते पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र देणार नाही म्हणाला. पहिल्या फोनवाल्यापेक्षा दुप्पट पैसे घेतो.

साडीवाले शेठ मात्र अडून बसलेत. जिन्यातली पार्सलं हलवायला जागाच नाही म्हणतात. दोन दिवस हलवली, तिसऱ्या दिवशी परत.

वकीलबाई

नोटिशीला तुम्ही सगळे मिळून उत्तर देणार आहात ना? त्या उत्तरात काय पूर्ण केलं ते लिहा आणि शेवटी लिहा: अमुक गाळ्याच्या मालामुळे जिना अडलेला आहे, वारंवार सांगूनही हलवला जात नाही. प्रत शेठना द्या. नुसता मसुदा दाखवलात तरी काम होईल असं वाटतं. आणि कुलूपबंद गाळ्यांमध्ये कोणता माल आहे तेही लेखी विचारा, थिनर किंवा रंग असेल तर प्रकरण वेगळं होतं.

वाडेमालक

दुप्पट पैसे घेणाऱ्या त्या एजन्सीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडेही जानेवारीचा फॉर्म बी द्यायचाय. आणि हो, माझ्या दीडशे रुपयेवाल्याला हा धागा वाचायला दिला. म्हणाला, वायरिंगचे अर्धे मी देतो, पावती माझ्या नावावर पाहिजे.

तारमास्तर

पावती द्या त्याला, काय बिघडतं. ताई, मीटर जिन्याखालून हलवायचे असतील तर महावितरणकडे अर्ज लागेल, मालकांची संमती जोडून. परस्पर वायरमनकडून हलवू नका. आणि दिवाळीच्या आधी हवं असेल तर अर्ज याच आठवड्यात टाका, नंतर कुणी भेटत नाही.

गाळा_नंबर_४

दिंडी दरवाजा करून देणारा फॅब्रिकेटर आहे का कुणाच्या ओळखीचा? कऱ्हाड-सातारा भागात. शटर न बदलता, आहे त्यातच बसवणारा.